एक अंडपेशी, दोन शुक्राणू: ब्रिस्बेनच्या जुळ्यांचे प्रकरण

२०१४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात २८ वर्षांची एक स्त्री पहिल्यांदाच गरोदर राहिली. गर्भधारणा नैसर्गिक होती आणि कोणतेही वंध्यत्वोपचार झालेले नव्हते. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन गर्भ दिसले, त्या दोघांना मिळून एकच वार दिसली आणि त्यांच्या गर्भजलपिशव्यांची मांडणीही अशी होती की ही जुळी एकयुग्मजी, म्हणजे रूढ भाषेत एकसारखी असणार, अशी नोंद झाली. त्या टप्प्यावर दुसरे काही म्हणण्याचे कारणच नव्हते. मात्र चौदाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली तेव्हा एक गर्भ मुलाचा आणि दुसरा मुलीचा असल्याचे स्पष्ट दिसले.

ही विसंगती किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी जुळ्यांचे दोन परिचित प्रकार आठवावे लागतात. द्वियुग्मजी जुळ्यांत दोन वेगळ्या अंडपेशींचे दोन वेगळ्या शुक्राणूंकडून फलन होते, त्यामुळे ती एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडे असतात, त्यांच्या जनुकसंचातील साम्य सरासरी निम्मे असते आणि लिंग सारखे किंवा वेगळे असू शकते. एकयुग्मजी जुळ्यांत एकाच फलित अंडपेशीपासून तयार झालेला भ्रूण पुढे दुभंगतो, म्हणून दोघांची जनुके सारखी आणि लिंगही सारखेच असते. दुभंगण्याची वेळ वारेवरून ओळखता येते. पहिल्या तीन दिवसांत भ्रूण दुभंगला, तर दोघांना स्वतंत्र वारा मिळतात. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसांत तो दुभंगला, तर वार एक आणि गर्भजलपिशव्या दोन असतात. त्यानंतर दुभंगल्यास पिशवीही एकच राहते. म्हणून एका वारेवर वाढणारी जुळी एकाच भ्रूणातून आलेली असतात, हा प्रसूतिशास्त्रातला जवळपास निरपवाद नियम मानला जातो. ब्रिस्बेनमध्ये वार एकच होती, पण लिंगे दोन होती.

निकोलस फिस्क यांच्या देखरेखीखाली रॉयल ब्रिस्बेन अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये दोन्ही पिशव्यांतील गर्भजल वेगवेगळे काढून त्यातील पेशींची जनुकीय तपासणी करण्यात आली. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचे जनुकवैद्य मायकेल गॅबेट आणि सहकाऱ्यांनी हे प्रकरण २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केले. आईकडून आलेला जनुकसंच दोन्ही गर्भांत तंतोतंत सारखा होता, तर वडिलांकडून आलेल्या संचात फक्त सुमारे ७८ टक्के साम्य होते. म्हणजे आईच्या बाजूने पाहिले तर ही जुळी एकयुग्मजी ठरत होती आणि वडिलांच्या बाजूने पाहिले तर ती ना पूर्ण एकसारखी होती, ना साधी भावंडे. अशा जुळ्यांना सेस्क्विझायगोटिक किंवा सोप्या शब्दांत अर्ध-एकसारखी म्हणतात. याआधीचे एकमेव प्रकरण २००७ मध्ये अमेरिकेतून नोंदले गेले होते, पण ते बाळांच्या जन्मानंतर उलगडले होते. गरोदरपणातच ओळखले गेलेले हे पहिले प्रकरण होय.

या निष्कर्षामागची साखळी जुळवायची, तर फलनाच्या पहिल्या तीस तासांकडे बारकाईने पाहावे लागते. फलन म्हणजे शुक्राणू अंडपेशीला मिळण्याचा एक क्षण, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात तो दिवसभर चालणारा कार्यक्रम आहे आणि या प्रकरणाचे सगळे रहस्य त्या दिवसभराच्या दोन ठिकाणी दडलेले आहे.

फलनापूर्वीची स्थिती

अंडाशयातून बाहेर पडणारी मानवी अंडपेशी सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असते, पण ती अपुरी असते. तिचे अर्धगुणसूत्री विभाजन दोन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा अंडमोचनाच्या सुमारास पूर्ण होतो आणि निम्मी गुणसूत्रे एका छोट्या ध्रुवपिंडात भरून बाहेर टाकली जातात. दुसरा टप्पा मध्यावरच थांबतो. आत २३ गुणसूत्रे असतात, पण प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जोडप्रती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि शुक्राणू आत आल्याखेरीज त्या विलग होत नाहीत. आईचा अंतिम अर्धा वाटा कोणता, हे अशा रीतीने वडिलांचा वाटा आल्यानंतर ठरते. पुढच्या तर्काचा आधार हाच तपशील आहे.

अंडपेशीभोवती झोना पेल्युसिडा नावाचे प्रथिनांचे पारदर्शक कवच असते. मानवात ते चार प्रथिनांनी विणलेले आहे. योनीमार्गात कोट्यवधी शुक्राणू सोडले जातात, पण अंडनलिकेच्या रुंद भागापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या सामान्यतः काही शेकड्यांपलीकडे जात नाही. मार्गातील ही छाटणी हा एका अंडपेशीत दोन शुक्राणू शिरण्याविरुद्धचा पहिला आणि बहुधा सर्वांत परिणामकारक बंदोबस्त आहे, कारण जिथे शुक्राणूच मोजके असतात तिथे दोघांनी एकाच वेळी पोहोचण्याचा संभवही मोजकाच राहतो. प्रयोगशाळेतील बशीत ही छाटणी होत नाही. आयव्हीएफमध्ये दोन शुक्राणू शिरलेल्या अंडपेशी नियमितपणे आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे.

दार बंद होण्याची रीत

शुक्राणू कवच पार करून अंडपेशीच्या पटलाला चिकटतो, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरील इझुमो हे प्रथिन अंडपेशीवरील ज्युनो या प्रथिनाला पकडते. इझुमोचा शोध २००५ मध्ये जपानमध्ये लागला, तर त्याची जोडीदार ज्युनो २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडली. हे वर्ष योगायोगाने ब्रिस्बेनच्या गर्भधारणेचेही आहे. पटले एकमेकांत मिसळली की शुक्राणूबरोबर आलेले पीएलसी झीटा हे विकर अंडपेशीच्या आतील साठ्यांतून कॅल्शियम मुक्त करते. हे कॅल्शियम एकदाच वाढून थांबत नाही, तर काही तास त्याच्या लाटा पुन्हा पुन्हा उठत राहतात.

या लाटांनी दोन कामे होतात. एक म्हणजे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते, जोडप्रती विलग होतात आणि एक प्रत दुसऱ्या ध्रुवपिंडात बाहेर जाते. दुसरे काम संरक्षणाचे असते. अंडपेशीच्या पटलाखाली रांगेने बसलेल्या कॉर्टिकल कणिका फुटून आपला ऐवज बाहेर टाकतात, त्यातील ओव्हास्टासिन हे विकर कवचातील झेडपी२ या प्रथिनाचा तुकडा पाडते आणि नव्याने येणाऱ्या शुक्राणूंना धरायला जागाच उरत नाही. उंदरांच्या अंडपेशींवरील निरीक्षणांनुसार पटलावरचे ज्युनोही साधारण अर्ध्या-पाऊण तासात झडून जाते. समुद्री साळूसारख्या प्राण्यांत पटलाचा विद्युतभार पालटून काही सेकंदांत दार लागते. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत अशी झटपट विद्युत्-अडवणूक आढळत नाही. आपल्या अंडपेशीचा बंदोबस्त पक्का आहे, पण तो मिनिटांच्या हिशेबाने लागतो. पहिल्या शुक्राणूच्या पाठोपाठ, दार लागण्याआधीच्या त्या फटीत, दुसरा आत शिरला तर त्याला अडवणारे काही नसते. ब्रिस्बेनमध्ये असेच घडले असावे.

तीन संच घेऊन सुरुवात

दोन शुक्राणू शिरल्यास नेहमी काय होते, हे चांगले ठाऊक आहे. अंडपेशीत ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे जमतात. असा त्रिगुणित गर्भ जवळपास नेहमीच गर्भपातात संपतो, आणि वडिलांचे दोन संच असल्यास अनेकदा वारेची विकृत वाढ होऊन अंशतः द्राक्षगर्भ तयार होतो. नोंद होणाऱ्या गर्भधारणांमध्ये त्रिगुणित गर्भ शंभरात एखाद-दोन इतक्या प्रमाणात आढळतात. आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत फलनानंतर १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली अंडपेशी तपासली जाते. तेव्हा आईच्या आणि वडिलांच्या गुणसूत्रांभोवती तयार झालेली दोन पूर्वकेंद्रके दिसली, तर फलन यथायोग्य मानले जाते आणि तीन दिसली तर तो भ्रूण सहसा वापरला जात नाही.

मग ब्रिस्बेनची जुळी जगली कशी? येथे दुसरी चूक कामी आली. पूर्वकेंद्रके स्वतंत्र असतानाच त्यांतील डीएनएची नक्कल होते, त्यामुळे पहिल्या विभाजनाच्या तोंडावर या अंडपेशीत आईच्या संचाच्या दोन प्रती, पहिल्या शुक्राणूच्या दोन आणि दुसऱ्या शुक्राणूच्या दोन, असे एकूण सहा संच होते. साधारण विभाजनात तर्कूतंतूंचा, म्हणजे गुणसूत्रांना टोकांकडे ओढणाऱ्या धाग्यांचा, साचा द्विध्रुवी असतो आणि पेशीचे दोन भाग होतात. मात्र मानवात हे ध्रुव ज्याच्यापासून तयार होतात ते तारककेंद्र अंडपेशीकडे नसते, ते शुक्राणूबरोबर येते. दोन शुक्राणू आले म्हणजे तारककेंद्रेही दुप्पट झाली, आणि त्यातून तीन ध्रुवांचा साचा उभा राहणे सहज शक्य झाले. अशा साच्यात पेशीचे एकदम तीन भाग पडतात. सहा संच तीन पेशींत दोन-दोन याप्रमाणे वाटले गेले, तर एका पेशीत आई आणि पहिला शुक्राणू, दुसरीत आई आणि दुसरा शुक्राणू, आणि तिसरीत दोन्ही शुक्राणू, अशी वाटणी होते. पहिल्या दोन पेशी पूर्णपणे द्विगुणित आणि निरोगी ठरतात.

तिसरीत आईचा अंशच नसतो आणि अशा पेशीचे भवितव्य फारसे आशादायक नसते. १९८४ मध्ये ब्रिटनमधील अझीम सुरानी यांच्या गटाने आणि अमेरिकेतील मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांच्या भ्रूणांवर स्वतंत्रपणे दाखवले होते की केवळ पित्याचे किंवा केवळ मातेचे दोन संच असलेला भ्रूण पूर्ण वाढत नाही, कारण काही जनुके कोणाकडून आली यावर त्यांचे चालू-बंद असणे ठरते. ब्रिस्बेनच्या गर्भांत अशा निव्वळ पितृवंशीय पेशींचा वंश टिकलेला आढळला नाही.

संपूर्ण संच असे सलग, न फाटता वेगळे होतात हे ऐकायला सोयीचे स्पष्टीकरण वाटेल, आणि मलाही ते पहिल्या वाचनात तसेच वाटले होते. त्रिध्रुवी विभाजनात गुणसूत्रे बहुधा वाट्टेल तशी विखुरतात. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२ मध्ये दोन शुक्राणूंनी फलित झालेल्या समुद्री साळूच्या अंडपेशींचा अभ्यास करून दाखवले की त्यांतील बहुतेक भ्रूण बिघडतात, पण ज्यांचे एकदम तीन भाग पडतात त्यांच्यापैकी काही भ्रूण एकदम चार भाग पडणाऱ्यांपेक्षा बरेच चांगले वाढतात. प्रत्येक पेशीला गुणसूत्रांचा पूर्ण, वेगवेगळा संच मिळाला पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी यावरूनच काढला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या प्रयोगांना ब्रिस्बेनची जुळी हे मानवी उदाहरण ठरावे, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक अनपेक्षित वळण आहे. संच सलग राहण्याला अलीकडचे आधारही आहेत. २०१६ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी गायीच्या भ्रूणांत पहिल्याच विभाजनात मातेचे आणि पित्याचे संपूर्ण संच वेगवेगळ्या पेशींत गेल्याचे दाखवले. २०१८ मध्ये उंदरांच्या युग्मनजात, म्हणजे फलित अंडपेशीत, असे दिसले की मातेच्या आणि पित्याच्या गुणसूत्रांभोवती सुरुवातीला तर्कूतंतूंचे दोन स्वतंत्र साचे उभे राहतात आणि मग ते शेजारी जुळतात. दोघांची गुणसूत्रे फलनाच्या क्षणी एकजीव होत नाहीत, पहिल्या विभाजनापर्यंत ती एकमेकांपासून बरीच अलग राहतात, हे एकदा लक्षात घेतले की संचांची अशी सलग वाटणी अशक्य कोटीतील राहत नाही.

दुसरी स्पष्टीकरणे का टिकत नाहीत

एकाच वारेवर मुलगा आणि मुलगी दिसण्याची आणखी कारणे संभवतात, आणि त्यांना बाजूला सारणे हा या प्रकरणातील सर्वांत काटेकोर भाग आहे. दोन वेगळ्या भ्रूणांच्या वारा एकमेकींना चिकटून एक झाल्या असत्या, तर आईकडून आलेले संच सरासरी निम्मेच जुळले असते. एकयुग्मजी मुलांच्या जोडीतील एका भ्रूणाने पेशीविभाजनात वाय गुणसूत्र गमावले आणि तो मुलगी म्हणून वाढला, असे क्वचित घडते, पण तेव्हा उरलेली पितृजनुके शंभर टक्के जुळली असती. एका शुक्राणूने अंडपेशीचे आणि दुसऱ्याने ध्रुवपिंडाचे फलन केले, ही जुनी आणि लोकप्रिय कल्पना आहे. मात्र ध्रुवपिंडातील गुणसूत्रे अंडपेशीतील गुणसूत्रांशी पूर्णपणे सारखी नसतात. आधीच्या टप्प्यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची देवाणघेवाण झालेली असल्यामुळे दुसऱ्या ध्रुवपिंडातही अनेक ठिकाणी फरक उरतो. ब्रिस्बेनमध्ये आईचा संच सर्वत्र जुळला, म्हणून तो दुसरे ध्रुवपिंड बाहेर टाकल्यानंतर उरलेल्या एकाच संचाची नक्कल असणार, हा निष्कर्ष अटळ होतो. फलनाशिवायच अंडपेशी दुभंगून तिच्या दोन्ही अर्ध्यांचे वेगवेगळ्या शुक्राणूंनी फलन झाले, तरीही आईचे संच सारखेच आले असते. पण त्यासाठी दुर्मीळ घटनांची आणखी लांब साखळी गृहीत धरावी लागते, आणि संशोधकांनी पसंती दिली ती त्रिध्रुवी विभाजनाला.

७८ टक्क्यांचा अर्थही यातून उलगडतो. एकाच पुरुषाचे दोन शुक्राणू सरासरी निम्मे सारखे असतात. एका गर्भात फक्त पहिल्या आणि दुसऱ्यात फक्त दुसऱ्या शुक्राणूच्या वंशजपेशी असत्या, तर पितृबाजूचे साम्य सुमारे ५० टक्के राहिले असते. पण दोन्ही गर्भांत दोन्ही वंशांच्या पेशी होत्या. मुलात एक्सएक्स आणि एक्सवाय पेशी जवळपास निम्म्या-निम्म्या होत्या, तर मुलीत सुमारे ९० टक्के पेशी एक्सएक्स होत्या. एकाच शरीरात दोन मुळांच्या पेशी असण्याच्या या स्थितीला कायमेरा म्हणतात. या मिश्रणामुळेच साम्य निम्म्याच्या वर चढले.

तीन पेशींपासून दोन बाळांपर्यंत

पुढची वाटचाल इतर कोणत्याही भ्रूणासारखी झाली असावी. विभाजनांनी पेशी वाढत जातात, पण कवचात कोंडलेल्या भ्रूणाचे एकूण आकारमान वाढत नाही, म्हणून प्रत्येक पेशी अधिकाधिक लहान होत जाते. सामान्य भ्रूणात दुसऱ्या दिवशी साधारण चार आणि तिसऱ्या दिवशी आठ पेशी दिसतात. तोवरचे कामकाज बहुतांशी अंडपेशीत आधीपासून साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालते. मानवी भ्रूणाची स्वतःची जनुके मुख्यतः चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जागी होतात. एक्सएक्स आणि एक्सवाय वंशांच्या पेशींनी शेजारी राहण्यात अडचण न येण्याचे एक कारण हेही असू शकते, पण हा माझा कयास आहे. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगून मोरुला बनते, आणि पाचव्या दिवशी पोकळी धरून ब्लास्टोसिस्ट तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरातून वार आणि आतील पेशीपुंजातून बाळ घडते. ब्रिस्बेनच्या भ्रूणात दोन्ही वंशांच्या पेशी याच पुंजात मिसळलेल्या होत्या. तो पुंज दुभंगला तेव्हा बाहेरचा थर एकच राहिला, म्हणून वार एक झाली, आणि पेशींची वाटणी असमान झाली, म्हणून एकीकडे एक्सवाय पेशींचा वाटा मोठा गेला आणि दुसरीकडे एक्सएक्स पेशींचा.

लिंग ठरण्याचा प्रश्नही येथे वेगळ्या रीतीने समोर येतो. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक, जे १९९० मध्ये ओळखले गेले, घडणाऱ्या जननग्रंथीला वृषणाच्या दिशेने वळवते. शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी असतील तर निर्णय जननग्रंथीतील पेशींच्या प्रमाणावर अवलंबून राहतो. मुलात वृषणे आणि मुलीत अंडाशये तयार झाली, तरी मुलीच्या अंडाशयांत वाय गुणसूत्र असलेल्या पेशी असण्याचा धोका होता, कारण अशा मिश्र ग्रंथींत अर्बुदाची शक्यता वाढते. पुढे तिच्या अंडाशयांत चिंताजनक बदल आढळले आणि ती काढून टाकण्यात आली.

हे प्रकरण दोन चुकांचे आहे, आणि त्या दोन्हींशिवाय हे गर्भ वाढलेच नसते. दुसरा शुक्राणू अडवला गेला नाही, ही पहिली चूक एकटी प्राणघातक होती. पेशीचे एकदम तीन भाग पडले, ही दुसरी चूक एकटी घडली असती तरी भ्रूण बहुधा नष्ट झाला असता. एकत्र घडल्यावर दुसरीने पहिलीची भरपाई केली. पण अशी भरपाई किती वेळा होते? संशोधकांनी ९६८ द्वियुग्मजी जुळ्यांच्या जोड्यांची जनुकीय माहिती तपासली आणि त्यात एकही अर्ध-एकसारखी जोडी सापडली नाही. मला मात्र या शोधापेक्षा शोधाची अट महत्त्वाची वाटते. ब्रिस्बेनचे प्रकरण उघडकीला आले ते एका शुक्राणूत एक्स आणि दुसऱ्यात वाय होते म्हणून. दोन्हीत एक्स किंवा दोन्हीत वाय असते, तर सोनोग्राफीत सारख्या लिंगाची, एकाच वारेवरची दोन बाळे दिसली असती, त्यांना एकयुग्मजी म्हटले गेले असते आणि गर्भजल तपासण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. म्हणून पुढचा शोध वेगळ्या-लिंगी किंवा द्वियुग्मजी म्हणून नोंदलेल्या जुळ्यांपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही, तो एका वारेवर वाढलेल्या, सारख्या लिंगाच्या आणि एकसारखी समजल्या गेलेल्या जुळ्यांच्या पितृजनुकांतही घ्यावा लागेल.